गळ हाती देण्यापूर्वी

लहान मुलांना शिकार आणि मासेमारी शिकवावी किंवा कसे, हा प्रश्न ज्या घरांत हिरिरीने चर्चिला जातो त्या घरांत तो प्रत्यक्ष उभा राहण्याचा संभव बहुधा नसतो. आणि ज्या घरांत तो रोजच उभा असतो, म्हणजे खाडीकाठच्या कोळ्याच्या, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कातकऱ्याच्या अथवा भामरागडाकडील माडिया गोंडाच्या घरात, तेथे तो विचारण्याचे कोणाला प्रयोजन वाटत नाही. तेथील मूल चालू लागले की वडीलधाऱ्यांच्या मागोमाग ओहोटीच्या चिखलात किंवा ओढ्याच्या पात्रात उतरते, आईच्या टोपलीत तिसऱ्या टाकता टाकता चिखलाने भरलेली शिंप आणि जिवंत शिंप यांतला भेद त्याच्या बोटांना कळू लागतो, आणि आपण काही शिकलो याची त्याला वार्ताही नसते. शहरातल्या मत्स्याहारी घरातील मुलाला मात्र मासा भेटतो तो तुकडीच्या रूपाने, हळद-तिखट लागल्यानंतर. त्या तुकडीला एके काळी डोळे आणि कल्ले होते ही गोष्ट त्याच्यापासून कोणी बुद्ध्या लपवून ठेवलेली नसली, तरी ती त्याला सांगण्याची जोखीमही कोणी पत्करलेली नसते. प्रस्तुत पुस्तक या दोन घरांच्या मधल्या मुलांसाठी लिहिलेले आहे. ज्यांचे आजोळ अद्याप एखाद्या खाडीच्या वा नदीच्या काठी उभे आहे, जी मे महिन्याच्या सुटीत तेथे जातात, आणि ज्यांच्या हाती मामा किंवा आजोबा केव्हा तरी हौसेने गळ देतात, ती ही मुले. पुस्तक मुलांचे असले तरी प्रस्तावना मी त्या मामांसाठी व आजोबांसाठी लिहीत आहे. कारण या विद्येपायी मुलाचे पुढे काय होते हे मुलाच्या स्वभावापेक्षा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे, आणि ते मत मी शक्य तितक्या सविस्तरपणे मांडणार आहे.

मृगयेविषयी आपल्या शास्त्रकारांचे एकमत कधीच नव्हते. मनूने कामज व्यसनांची गणना करताना तिला अग्रस्थान दिले. कौटिल्याने मात्र, मृगया ही द्यूतापेक्षा अधिक घातक असे म्हणणाऱ्या पूर्वाचार्याचे मत खोडून काढून, तिच्या योगाने शरीराला व्यायाम घडतो, मेद व कफ झडतात, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, इतकेच म्हणून न थांबता, क्रुद्ध झालेल्या आणि भ्यालेल्या पशूच्या चित्ताचे ज्ञान होते, असा एक विलक्षण मुद्दा जोडला. कालिदासाने शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडी जवळजवळ हेच समर्थन घातले आहे खरे; परंतु त्याच नाटकाचा पहिला अंक एका तापसाने राजाचा बाण अडविण्यापासून सुरू होतो, आणि राजा तो मुकाट्याने भात्यात परत ठेवतो, हेही विसरता येत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या अनेक विनोदांमध्ये मत्स्यविनोदालाही एक प्रकरण दिलेले आहे, आणि माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, कोणाला कोणते आमिष रुचते, काठी, दोर आणि गळ कसे असावेत, यांचा विचार त्यात अशा बारकाईने केलेला आहे की मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, तेव्हा हा राजा स्वतः पाण्याकाठी बसत असला पाहिजे याविषयी वाचणाऱ्याला शंका उरू नये. गळाने मासे धरण्यावरचा इंग्रजांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ, आयझॅक वॉल्टनचा, १६५३ सालचा. आपल्या दख्खनच्या राजाचा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. या वडीलकीचा अभिमान मिरविण्यात अर्थ नाही, पण आपल्याकडे हा विषय केवळ पोटापुरता होता, त्याचे शास्त्र कोणी केले नाही, ही समजूत दूर होण्यास तो दाखला पुरेसा आहे.

या सर्व ग्रंथकारांना मूल मात्र अभिप्रेत नव्हते. त्यांच्यापुढे राजा होता. तरीही कौटिल्याने जो मुद्दा शेवटी जोडला तोच मुलांच्या दृष्टीने पहिला ठरावा असा आहे. नेम, व्यायाम आणि मेदक्षय यांसाठी मुलाला अरण्यात नेण्याचे कारण नाही, ते काम शाळेचे पटांगण करू शकते. समोरच्या प्राण्याला या क्षणी काय वाटत असेल, तो कोठून आला, कोठे जाऊ इच्छितो आणि आपल्या अस्तित्वाची त्याला किती चाहूल लागली आहे, हा विचार करावयास लावणारी दुसरी विद्या मात्र मला माहीत नाही.

शिकारीचा भाग येथे लवकर आटोपता येतो, कारण कायद्यानेच तो आटोपलेला आहे. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला तेव्हा परवाने, हंगाम आणि मुभा यांची व्यवस्था शिल्लक होती. १९७२ चा केंद्रीय कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर ती संपुष्टात आली. त्या कायद्यातील शिकारीची व्याख्याही इतकी व्यापक आहे की तीत मारणे तर येतेच, शिवाय फासे लावणे, सापळ्यात धरणे, हाका घालणे, इतकेच काय, रानपक्ष्याचे घरटे उसकटणे आणि अंडी उचलणे हेही येते. बेचकी घेऊन बुलबुलाच्या घरट्यामागे लागलेला आठ वर्षांचा मुलगा कायद्याच्या नजरेत शिकारीच होय, ही गोष्ट त्याच्या मामाला ठाऊक असावी. म्हणून या पुस्तकातील शिकारीच्या प्रकरणात बंदूक नाही, फासा नाही, बेचकीही नाही. पावलांचे ठसे, विष्ठा, झाडाच्या सालीवरचे ओरखडे, वाऱ्याची दिशा, आणि पाणवठ्याजवळ न हलता बसण्याची कला, एवढेच त्यात आहे. म्हणजे शिकारीतील शेवटचा क्षण वगळून बाकीची सगळी शिकार. तो क्षण वगळल्याने तिच्यातला राम गेला असे म्हणणारे जुने लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असेही मला वाटत नाही. पण कायदा योग्य आहे, आणि तो मुलाला समजावून सांगताना मोठ्यांनी डोळा मिचकावू नये.

याच संदर्भात दोन बालपणांचा उल्लेख नेहमी केला जातो. पहिले पक्षितज्ज्ञ सलीम अलींचे. १८९६ साली मुंबईत जन्मलेला, आईबाप लवकर अंतरलेला हा मुलगा खेतवाडीत मामांच्या, अमीरुद्दीन तय्यबजींच्या, घरी वाढला. मामांनीच त्याला छऱ्यांची बंदूक दिली, आणि दहा-बारा वर्षांच्या वयात त्याने एके दिवशी जी चिमणी पाडली तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाण्यास योग्य की अयोग्य असा प्रश्न घेऊन मुलगा मामांकडे गेला. मामा स्वतः शिकारी होते, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासदही होते. त्यांनी मुलाला शाबासकी दिली नाही, कान उपटला नाही, एक चिठ्ठी दिली आणि सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्डसाहेबाने ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचावयास पुस्तके दिली आणि पुढे कातडे सोडवून नमुना जतन करण्याची विद्याही शिकण्याची सोय करून दिली. हे सर्वश्रुत आहे. याहून कमी ऐकिवात असलेली गोष्ट अशी की त्याच सुमारास चेंबूरच्या एका तबेल्यात, अंड्यांवर बसलेल्या मादीबाहेर पहारा करणारा चिमणा या मुलाने टिपला, मादीने दुसरा नर आणला, त्यालाही टिपले, आणि असे आठवड्याभरात आठ नर मारून त्याने त्याची नोंद लिहून ठेवली. ती नोंद वाचताना अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी कौतुकही वाटते. मूल निर्दय असू शकते आणि त्याच घटकेला विलक्षण सावध निरीक्षकही असू शकते. या दोहोंपैकी काय वाढीस लागेल हे त्याच्या हातातील वही आणि त्याला ती ठेवावयास लावणारा माणूस ठरवितो.

दुसरे बालपण, शिकारी असून पुढे वन्यजीवरक्षक झालेल्या जिम कॉर्बेटचे. वडील गेले तेव्हा तो अगदी लहान होता. नैनितालच्या टपाल कचेरीचा आणि घराचा भार थोरल्या टॉमने उचलला, आणि अस्वलाच्या शिकारीला जाताना धाकट्याला एका ओसाड नाळेत एकटे बसवून भीती म्हणजे काय याचा पहिला धडाही त्यानेच दिला. पुढे गलोल आली, आणि मग एक नळी निकामी झालेली, दस्ता तारेने आवळलेली, तोंडाकडून ठासावयाची जुनी बंदूक आली. कालाढुंगीजवळच्या चांदनी चौक गावचा मुखिया कुँवर सिंह हा त्या टापूतला अट्टल चोरटा शिकारी. त्याने मुलाच्या हाती बंदूक पाहिली तेव्हा, आता तू हवे त्या रानात निर्भयपणे जाऊ शकशील, फक्त आधी झाडावर चढावयास शीक, असे सांगितले, आणि बंदुकीऐवजी झाडांचा पाठ सुरू केला. या गुरूपदेशातील क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्या माणसाची सारी कीर्ती सरकारी नियम मोडण्यावर उभी होती, त्याने मुलाला पहिल्याने शिकविले ते जीव कसा वाचवावा.

या दोन उदाहरणांवरून, लहानपणी मारले म्हणूनच पुढे राखले, असा सिद्धांत काढण्याची एक रीत पडून गेली आहे, आणि संस्थानिकांच्या वाड्यांतल्या भिंतींवरची शिंगे पाहून आलेले लोकही तो खुशाल बोलून दाखवितात. तो मला मान्य नाही. त्याच काळात त्याच बंदुका हाती घेतलेली हजारो मुले मोठी होऊन केवळ आकडे मोजत राहिली. चित्ता या देशातून नाहीसा झाला तो पुरेशी शिकार न झाल्यामुळे नव्हे. मिलर्ड, तय्यबजी आणि कुँवर सिंह यांना वगळून सलीम अली आणि कॉर्बेट यांची गोष्ट सांगता येत नाही. मुलाने मारलेला प्राणी घेऊन ते ज्या माणसापुढे उभे राहते त्या माणसाने, हा कोण, याचे खाणे काय, हा नर की मादी, हा कोठे सापडला, एवढे चार प्रश्न विचारले तर त्या मुलाचे पाऊल एका वाटेने पडते. किती मोठा मिळाला एवढेच विचारले तर दुसऱ्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेतवाडीतल्या बंगल्यातील मुलाला मामाने बंदूक दिली, आणि पुढे राष्ट्राने त्याला पद्मविभूषण दिले, ते सर्वथा योग्यच झाले. परंतु त्याच्याइतकाच तीक्ष्ण डोळा आणि त्याच्याहून हलके पाऊल घेऊन फासेपारध्याच्या पालात जे मूल जन्माला आले, ज्याला तित्तिराची हुबेहूब साद काढता येत होती आणि ज्याने घोड्याच्या केसांचा फास सातव्या वर्षी विणला होता, त्याचे नाव सोसायटीच्या दफ्तरात न जाता पोलीसपाटलाच्या हजेरीत गेले. १८७१ साली सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली देशभरातून रद्द झाला. गावोगावचा संशय त्या तारखेला रद्द झाला नाही. पारध्याच्या आणि कातकऱ्याच्या मुलांजवळ असलेले रानाचे ज्ञान शाळेच्या दारातच काढून ठेवावे लागते, आणि त्याच शाळेतील निसर्गमंडळ शहरातून पाहुणा बोलावून ठसे ओळखण्याचे शिबिर भरविते, हा प्रकार मी पाहिला आहे. वाचकांपैकी कोणी शिक्षक असतील तर त्यांनी पाहुण्याच्या आधी आपल्या वर्गातील शेवटच्या बाकाकडे पाहावे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे माशांकडे, वळतो.

खाडीवर गरवावयास जाण्याची पहिली तयारी गळाची नसून पंचांगाची असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवसाच्या भरतीची वेळ ढोबळ मानाने निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब मुलाला प्रथम द्यावा. अष्टमीला सहा वाजता भरती, चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बारापर्यंत चढत राहते. सहा घटिका की सहा तास असा घोळ मुले हटकून घालतात, तो एकदा निस्तरावा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशीर, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हे ज्याला तोंडपाठ आहे ते मूल खडकावर बसले असता पाठीमागून पाणी येऊन अडकत नाही. चंद्राचा आणि पाण्याचा संबंध भूगोलाच्या पुस्तकात सगळेच वाचतात. तो आपल्या चपला वाहून जाण्याशीही निगडित आहे, हे ज्याला कळले त्याला तो पुन्हा शिकवावा लागत नाही.

दुसरी तयारी पायांची. पाण्याकाठी बोलू नये असे मुलांना सांगण्याचा शिरस्ता आहे. वस्तुतः हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशी परत फिरतो, माशाला पोहोचते ती काठावर आपटलेल्या पावलाची कंपने, कारण त्याच्या दोन्ही कुशींवरून जी रेषा गेलेली असते ती पाण्यातली बारीकशी हालचालही टिपते. तेव्हा हलक्या आवाजात गोष्टी सांगण्यास हरकत नाही, धावण्यास आहे. हा खुलासा मुलांना फार आवडतो, आणि लांबलेल्या प्रतीक्षेत तो उपयोगी पडतो. कारण गरवण्याच्या विद्येतील दहांपैकी नऊ हिस्से वाट पाहण्याचे आहेत, आणि सात वर्षांच्या मुलाकडून घटकाभरापेक्षा अधिक वाट पाहण्याची अपेक्षा करणारा मामा दुसऱ्या दिवशी एकटाच खाडीवर जातो.

गळाविषयी या पुस्तकाच्या लेखकाने पुष्कळ लिहिले आहे. मी एवढेच जोडतो की मुलाच्या गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मासे थोडे अधिक सुटतात, पण तो गळ माशाच्या तोंडातून आणि मुलाच्या बोटातून सारख्याच सुलभतेने निघतो. आणि बोटात तो केव्हा ना केव्हा जातोच. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे जे दातेरी काटे असतात ते, आणि पाकटाच्या शेपटीवरचा विषारी काटा, हे दोन्ही मासा मेल्यावरही तितकेच दुखापत करणारे राहतात, म्हणून हे दोन मासे मुलाने ओळखावे आणि हात मोठ्यांनी लावावा.

मग तो क्षण येतो, ज्याच्यासाठी मोठी माणसे बहुधा मुलाला पाठमोरे करतात. मासा बाहेर आला, तो तडफडत आहे, मूल आनंदाने ओरडते आणि लगेच गप्प होते. या गप्प होण्यावर मोठ्यांनी हसू नये. घरी न्यावयाचा असेल तर डोळ्यांच्या मागे डोक्यावर एक घाव घालून तो तत्काळ मारावा. पिशवीत घालून त्याला पाऊण तास श्वासासाठी झगडावयास लावणे हा क्रूरपणाच आहे, आणि केवळ दिसत नाही म्हणून तो सोयीचा वाटतो. न्यावयाचा नसेल तर हात ओले करून, पाण्याबाहेर शक्य तितका कमी वेळ ठेवून, सोडून द्यावा. तिसरा मार्ग, म्हणजे धरावा, मिरवावा, छायाचित्र काढावे आणि मेल्यावर फेकावा, हा अलीकडे रूढ होऊ लागला आहे, आणि मुलांना गळ देऊच नये असे म्हणणाऱ्यांची बाजू मला कधी पटते ती हा प्रकार पाहिल्यावर. जो मासा मुलाने धरला तो साफही त्यानेच करावा, मोठ्यांच्या देखरेखीखाली का होईना. पोट फाडल्यावर आत काय निघाले, कोळंबी की शेवाळ, की गाबोळी, हे पाहणे म्हणजे वर सांगितलेल्या चार प्रश्नांपैकी निदान दोहोंचे उत्तर मिळविणे होय.

गाबोळीचा उल्लेख आला म्हणून चढणीच्या माशांविषयी लिहिणे प्राप्त आहे. कोकणातील मुलाची मासेमारीशी पहिली ओळख पुष्कळदा गळाने न होता याच माशांनी होते. मृग लागला, पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे लाल पाण्याने भरून वाहू लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढत चढत शेतांच्या उथळ पाण्यापर्यंत येतात. रायगडाकडे यांना वलगणीचे मासे म्हणतात. कंदील, बत्त्या, टोपल्या, जुनी धोतरे, जे हाती लागेल ते घेऊन गाव बाहेर पडते, आणि त्या रात्रीची धमाल ज्याने बालपणी अनुभवली त्याला ती विसरता येत नाही. परंतु ते मासे चढतात ते अंडी घालण्यासाठी, आणि पुढील वर्षाचे मासे त्याच उथळ पाण्यात व्हावयाचे असतात. एका घराच्या कालवणापुरते दोन शेर मासे टोपलीने धरणे आणि ओढ्याच्या मुखावर आडवे जाळे लावून सगळी चढण अडविणे यांत जो फरक आहे, तो मुलाला त्याच रात्री, त्याच बांधावर दाखवून देता येतो. हा आनंद मुलांपासून हिरावून घ्यावा असे मला वाटत नाही, पण त्याला हद्द असावी आणि ती मोठ्यांनी स्वतः पाळलेली मुलाने पाहावी. पाण्यात सुरुंग उडविणे आणि विष कालविणे यांवर तर १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्याने बंदी घातलेली आहे; सव्वाशे वर्षांनंतरही उन्हाळ्यात आटलेल्या डोहांत ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि विजेच्या तारा सोडल्या जातात, आणि हे करणाऱ्यांत सुशिक्षित तरुणही असतात. पूर्वी गेळफळासारख्या वनस्पतींचा चेचा डोहात टाकून मासे गुंगविण्याची वहिवाट होती हे खरे. तिचे समर्थन मी करीत नाही, मात्र तिची आणि ब्लीचिंग पावडरीची बरोबरी करणाऱ्याने डोह दुसऱ्या वर्षी जाऊन पाहावा.

काय सोडावे हे शिकविण्यास पाण्यासारखी शाळा नाही. शेताच्या कडेच्या डबक्यात पृष्ठभागाशी तांबूस पिलांचा घोळका हिंदकळताना दिसला, तर त्याखाली मरळीची जोडी पहाऱ्यावर असते. गळ टाकला तर ती चटकन लागते, कारण पिलांजवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर ती तुटून पडते, आणि ती लागली की घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. गोड्या पाण्यातील खेकडा उलटा करून पाहिला तर नराच्या पोटावरची झडप निमुळती आणि मादीची रुंद असते. पावसाळ्यात त्या रुंद झडपेखाली अंडी, किंवा काही दिवसांनी बारीक बारीक खेकडेच चिकटलेले आढळतात, कारण या खेकड्यांची पिले अंड्यांतून थेट आईच्या रूपात बाहेर पडतात. ज्या मुलाने ही झडप एकदा उघडून पाहिली ते मूल ती मादी पुन्हा दगडाखाली ठेवते. त्याला तसे सांगावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि अपवाद निघालाच तर मामा जवळ असतोच.

समुद्रावरची गोष्ट मोठी आहे आणि तिची जबाबदारी मुलावर टाकणे अन्यायाचे ठरेल. १ जून ते ३१ जुलै यांत यांत्रिक नौकांना बंदी असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर होड्या लोटण्याचा दस्तूर आहे. तरी २०२३ साली चंदेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित करण्याची पाळी आली, ती हा मासा पुरता वाढण्यापूर्वीच जाळ्यांत येऊ लागल्यामुळे. बाजारात जाताना मुलाला बरोबर न्यावे आणि तळहाताएवढेही न भरणारे पापलेट घेऊ नये. मासेमारीच्या शिक्षणाचा हाही एक पाठ आहे, आणि तो गळाशिवाय देता येतो. मालवणच्या बाजूला अद्याप कोठे रापण ओढली जात असेल तर तेथेही न्यावे. दोराला हात लावणाऱ्या पोरासोरांच्या ओंजळीत रापणकर चार मासे टाकतात, आणि श्रमाचा मोबदला या विषयावर मी वाचलेल्या कोणत्याही निबंधापेक्षा ती ओंजळ अधिक बोलकी आहे.

जेथे मासा धरावयाचाच नसतो अशाही जागा आपल्याकडे आहेत. रायगडाच्या परिसरातील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठचे टिळसे, या दोन्ही ठिकाणी देवाचे म्हणून राखलेले महासीर हाताच्या अंतरावर येऊन कुरमुरे खातात, आणि त्यांना कोणी गळ लावीत नाही. लहान मुलाला पहिल्याने येथे न्यावे असे मी सुचवितो. मासा किती मोठा होऊ शकतो, त्याचा खवला केवढा असतो, घाबरवला नाही तर तो कसा वागतो, हे त्याला येथे कळेल. नंतर त्याच्या गळाला जो बोटभर मासा लागेल त्याच्याकडे तो वेगळ्या नजरेने पाहील.

काही मुलांना हे नकोच असते. घरात तुळशीची माळ असेल, किंवा नसेलही, पण मासा तडफडताना पाहून मूल रडले आणि पुन्हा येणार नाही म्हणाले, तर त्याला भेकड म्हणणाऱ्या मामाच्या हाती दुसऱ्या कोणाचेही मूल देऊ नये. त्याने काठावर बसून बगळा पाहावा, खंड्या पाहावा. हे दोघेही तेच काम करतात आणि आपल्यापेक्षा चांगले करतात. मुलींच्या बाबतीत उलटी चूक होते. त्यांना कोणी विचारतच नाही, जणू तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या, टोपल्या उचलणाऱ्या आणि बाजारात भाव ठरविणाऱ्या साऱ्या बायका कोठून तरी मोठ्याच होऊन आल्या होत्या.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या हातीही हे पुस्तक जाईल असे लेखक म्हणतात, म्हणून दोन शब्द. तेथे शिकार हा सरकारमान्य व्यवहार आहे. बंदुका व दारूगोळा यांवरील कराचा पैसा १९३७ च्या एका कायद्यान्वये वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळविला जातो, आणि शिकारीचा परवाना काढू पाहणाऱ्या मुलांना बहुतेक राज्यांत सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. गळाच्या परवान्यातून सोळा वर्षांखालील मुलांना पुष्कळ ठिकाणी सूट असते, तथापि कोणता मासा किती लांबीचा असल्यास ठेवावा आणि दिवसाला किती ठेवावे याचे नियम मुलांनाही लागू असतात, आणि काठावर उभे राहून पट्टीने मासा मोजणारी मुले तेथे पाहावयास मिळतात. ती पट्टी इकडे आणण्याजोगी आहे. बंदूक तेथेच राहिली तरी चालेल.

पुस्तकाची मांडणी लेखकाने ऋतूंप्रमाणे केली आहे, आणि ती मला पसंत आहे. एकच तक्रार नोंदवितो. सुरक्षिततेचे प्रकरण शेवटी गेले आहे, ते वाचकांनी प्रथम वाचावे. शेवाळलेल्या खडकावर अनवाणी जाऊ नये, पावसाळ्यात समुद्राकाठी मुळीच बसू नये, पोहता न येणाऱ्या मुलाच्या अंगावर तरंगते जाकीट असल्याशिवाय त्याला होडीत घेऊ नये, आणि मूल पाण्याकाठी असेपर्यंत मोठ्या माणसाने स्वतःचा गळ टाकू नये. यांपैकी शेवटचा नियम सर्वांत अधिक मोडला जातो, कारण मामांनाही गरवावेसे वाटते. भरतीचे कोष्टक मुलाकडून तोंडी म्हणवून घ्यावे, पक्कड खिशात आहे ना ते पाहावे, आणि मग ओहोटी लागल्यावर निघावे.